मातेची स्वतंत्र बुद्धी व मोठे कुटुंब

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचा मजकूर द्यावा, असा मंडळाच्या चिटणिसांचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही कोणी इतिहाससंशोधक नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून प्राथमिक शाळेत तीन तपांहून अधिक काळ मुले शिकविली, हीच काय ती आमची कमाई. परंतु इतिहास हा विषय शिकविताना एक गोष्ट आमच्या मनात सदैव सलत आली आहे. थोर पुरुषांची चरित्रे आम्ही मुलांस सांगितली. त्यांचे पराक्रम, त्यांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. मात्र ‘गुरुजी, त्यांच्या आईचे नाव काय?’ असे एखाद्या मुलीने विचारले, की पुष्कळदा आम्हांस उत्तर देता येत नसे. जिजामातेचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढे मात्र आमची गाडी अडत असे.

माता म्हटली, की तिच्या त्यागाचे गुणगान करावयाचे, अशी आपल्याकडील रीत आहे. ती वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. आईने पोटास चिमटा घेतला, अंगावरचे मणी-डोरले गहाण टाकले, स्वतः उपाशी राहून पोरांस जेवू घातले, हे घरोघरी घडले आहे आणि ते वंदनीयच आहे. परंतु माता केवळ त्याग करिते असे नाही. ती विचारही करिते. तिला स्वतःचे मत असते. मोठ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांच्या आयुष्यास जे वळण लागते, ते तिच्या त्यागापेक्षाही तिच्या या स्वतंत्र बुद्धीने लागते, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे. ते खरे की खोटे, हे वाचकांनी पुढील हकिकत वाचून ठरवावे.

ही हकिकत आपल्या ज्ञातीतील नाही, आपल्या धर्मातीलही नाही. ती आहे नाशिकास व पुण्यास नांदलेल्या एका कुटुंबाची, म्हणजे आपल्याच भूमीतील. चांगले उदाहरण शेजारच्या घरी सापडले तर ते घेऊ नये, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

नाशिक येथे १५ नोव्हेंबर १८६६ रोजी कॉर्नेलिया सोराबजी या बाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील सोराबजी खरशेटजी लांगराणा हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्यापायी आप्तांचा मोठा रोष पत्करिला. पुढे ते मिशनचे काम करू लागले. त्यांच्या पत्नीचे नाव फ्रान्सिना. या बाई जन्माने दक्षिण हिंदुस्थानातील. लहानपणी सर फ्रान्सिस फोर्ड व लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दाम्पत्याने त्यांचा मुलीप्रमाणे सांभाळ केला. या मानलेल्या आजीचेच नाव फ्रान्सिनाबाईंनी पुढे आपल्या मुलीस दिले. कुटुंब काही काळ बेळगावास राहून अखेर पुण्यास स्थिरावले.

या दाम्पत्याच्या घरी सात मुली व एक मुलगा वाढले. तो काळ वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. एकामागून एक मुली जन्मास येणे हे त्या काळी दुर्दैव समजले जाई. सात मुलींच्या आईकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत असतील, हे सांगावयास नको; तशी दृष्टी आजही पुरती मावळलेली नाही. पण फ्रान्सिनाबाईंनी या सात मुलींस ओझे मानिले नाही. मुलींची लग्ने कशी उरकावीत, या विवंचनेत त्या बुडून गेल्या नाहीत. ही प्रत्येक मुलगी कोणत्या कामास उपयोगी पडेल, याचा त्यांनी विचार केला.

फ्रान्सिनाबाई केवळ संसार पाहत नव्हत्या. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८७० नंतरच्या दशकात, त्यांनी पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढली. या शाळेचा विशेष असा, की तीत मुलगे व मुली एकत्र शिकत आणि युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान अशा सर्व समाजांची मुले एकाच बाकावर बसत. याखेरीज मराठी, गुजराथी व उर्दू भाषांतून शिकविणाऱ्या शाळाही त्यांनी चालविल्या. आठ मुलांची आई एका शहरात इतक्या शाळा चालविते, ही गोष्ट आजही सोपी नव्हे. पुण्यात मुलींचे हायस्कूल, ज्यास आपण हुजूरपागा म्हणतो, ते १८८४ साली निघाले. यावरून फ्रान्सिनाबाईंच्या धाडसाची कल्पना यावी.

अशा घरात वाढणाऱ्या मुलांस उपदेशाची गरज कितीशी भासणार? बाईमाणसाने काम करावे, चार लोकांत बोलावे, हिशेब ठेवावा, निर्णय घ्यावा, हे ती मुले दररोज डोळ्यांनी पाहत होती. आम्ही शिक्षक म्हणून जाणतो, की मूल ऐकून थोडे शिकते व पाहून पुष्कळ शिकते.

कॉर्नेलियाबाईंनी आपल्या आठवणी ‘इंडिया कॉलिंग’ या नावाने १९३४ साली प्रसिद्ध केल्या. आमचे इंग्रजी बेताचेच. शब्दकोश जवळ घेऊन आम्ही तो ग्रंथ महिनाभर वाचीत होतो. त्यात त्यांच्या बालपणातील एक प्रसंग आहे, तो आमच्या मनातून जात नाही. एकदा एक सधन गुजराथी विधवा त्यांच्या आईकडे आली. बाई मोठ्या घरची, परंतु तिच्या कारभाऱ्याने तिचा विश्वासघात करून मालमत्ता गिळंकृत केली होती. पडद्यातील ती स्त्री. वकिलाकडे जाणार कशी आणि परपुरुषाशी बोलणार कशी? तिचे रडणे लहानग्या कॉर्नेलियाने पाहिले व आईस कारण विचारिले. आपल्यासारखी आई असती, तर ‘तू लहान आहेस, जा, खेळ जा’ असे म्हणून मोकळी झाली असती. फ्रान्सिनाबाईंनी तसे केले नाही. त्यांनी मुलीस त्या विधवेची अडचण समजावून सांगितली. अशा कितीतरी स्त्रिया या देशात आहेत हेही सांगितले. आणि अशांना मदत करावीशी वाटत असेल तर मोठेपणी कायदा शिकावयास माग, असे सुचविले.

या प्रसंगात फ्रान्सिनाबाईंनी काय केले, ते नीट पाहावे. त्यांनी मुलीस आज्ञा केली नाही की वचनात बांधले नाही. जगातील एक दुःख दाखविले व त्यावरील एक वाट दाखविली. त्या वेळी या देशात एकही स्त्री वकील नव्हती. जी वाट अस्तित्वातच नाही, ती मुलीस दाखविण्यास मातेची बुद्धी किती स्वतंत्र असावयास पाहिजे!

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या, त्या तेथील पहिल्या विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर म्हणून त्यांची नोंद होते. पदवीपरीक्षेत त्यांनी असे यश मिळविले, की विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांस मिळावयास हवी होती. ती केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. घरी द्रव्य बेताचे. तेव्हा त्या अहमदाबादेस गुजरात कॉलेजात शिकवू लागल्या. तेथे विद्यार्थी सारे पुरुष. त्यानंतर विलायतेतील काही सहृदय मंडळींनी निधी उभारिला, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईही होत्या. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल येथे दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी तेथील कायद्याची बी. सी. एल. ही परीक्षा दिली. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांस पदवी देण्याचा नियमच नव्हता. ती पदवी त्यांच्या हाती १९२२ साली पडली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते, याचीही आठवण ठेवावी. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. वयाची मर्यादा दहावरून बारा करावयाची, एवढाच तो प्रश्न; त्यावरून पुण्यात सभा गाजल्या, वृत्तपत्रांत वाद पेटले. ज्या पुण्यात दहा की बारा यावर रान माजले होते, त्याच पुण्यातील एका मातेने बावीस-तेवीस वर्षांची आपली अविवाहित मुलगी कायदा शिकण्यासाठी एकटी समुद्रापलीकडे पाठविली होती.

हिंदुस्थानात परतल्यावर कॉर्नेलियाबाईंस वकिलीची सनद सहजी मिळाली नाही. मुंबईची एल्एल. बी. झाली, अलाहाबादेची परीक्षा झाली, तरी दार उघडेना. १९०४ साली बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स खात्यात पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. सुमारे वीस वर्षांत सहाशेंच्या वर स्त्रिया व पोरकी मुले यांची गाऱ्हाणी त्यांनी सोडविली, असे सांगतात. स्त्रियांस वकिली करण्यास मोकळीक देणारा कायदा १९२३ साली झाला, तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते. बालपणी पाहिलेल्या त्या विधवेचे अश्रू पुसण्यास अर्धे शतक लागले म्हणावयाचे!

आता इतर भावंडांकडे वळू. ॲलिस या बहिणीने वैद्यकीय शिक्षण घेतले व वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथे आपले पती डॉक्टर पेनेल यांच्यासह रुग्णसेवा केली. सूझी या बहिणीने शिक्षणास वाहून घेतले. पुण्यातील सेंट हेलेना ही मुलींची शाळा तिच्याच श्रमाचे फळ. अन्य बहिणींपैकी काही जणी आईच्या शाळांतून शिकवू लागल्या. एकुलता एक भाऊ कायदा शिकला. एकाच आईच्या पदराखाली वाढलेली ही मुले, परंतु एक कायद्यास, एक वैद्यकास, एक अध्यापनास लागली. सर्वांस एकाच साच्यात ओतण्याचा आग्रह आईने धरला नाही. फ्रान्सिनाबाई १९१० साली निवर्तल्या. आपल्या आईवडिलांविषयी कॉर्नेलियाबाईंनी १९२४ साली ‘देअरफोर’ नावाचे स्वतंत्र पुस्तक लिहिले. मातेचे ऋण लेखणीने फेडण्याचा तो यत्न होता.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद करावयास हवी. कॉर्नेलियाबाईंची सर्वच मते आम्हांस मान्य नाहीत. त्या ब्रिटिश राज्याच्या पक्षपाती होत्या. महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता. देश स्वतंत्र होत असता एवढी विदुषी त्या बाजूस उभी राहावी, याचे आम्हांस वाईट वाटते. परंतु स्वतंत्र बुद्धी शिकविणाऱ्या मातेने हा धोका पत्करलेलाच असतो. ज्यास विचार करावयास शिकविले, तो आपणांस आवडेल तोच विचार करील, याची हमी कोणी द्यावी? हमी पाहिजे असेल तर मग मुलांस पोपट करावे लागते.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हे घर इंग्रजी वळणाचे, आपल्या जुन्या घरांत असे कोठे घडावयाचे?’ त्यावर उत्तर म्हणून पंडिता रमाबाईंच्या मातोश्रींचे स्मरण करून देतो. त्यांचे नाव लक्ष्मीबाई डोंगरे. नवव्या वर्षी विवाह झालेली ही मुलगी. पती अनंतशास्त्री यांनी तिला संस्कृत शिकविण्याचे मनावर घेतले. स्त्रीस देवभाषा शिकविता म्हणून लोक क्षोभले, तेव्हा हे दाम्पत्य घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील वयोवृद्ध झालेले. म्हणून रमाबाईंस शिकविले ते मुख्यतः आईने. दिवसभर घरकाम, अतिथी-अभ्यागत. तेव्हा पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, आई मुलीस उठवून पाठ देत असे. पुढे कुटुंब तीर्थाटनास निघाले, दारिद्र्य आले, १८७४ साली दुष्काळात प्रथम वडील व मागाहून आई निवर्तली. परंतु पहाटेच्या त्या पाठांवर मुलीने १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांस थक्क करून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविल्या. १८८७ साली आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो रमाबाईंनी आईच्या स्मृतीस अर्पण केला. सारांश, इंग्रजी वळण असो की जुने शास्त्र्याचे घर असो, मातेस विद्या व विचार यांची गोडी असली म्हणजे अरण्यातही शाळा भरते.

या दोन कथांवरून एक मुद्दा विशेष लक्षात येतो. मोठ्या कुटुंबाचा भार कोणावर तरी पडतो, आणि बहुधा तो थोरल्या मुलीवर पडतो. सोराबजींच्या घरीही मुलींवर भार पडला. परंतु आईच्या शाळांत शिकविण्याचा. आपल्या घरांतील थोरल्या मुलींवर जो भार पडतो, तो शाळा सोडून धाकट्या भावंडांस कडेवर घेण्याचा. भार दोन्हीकडे होता. फरक एवढाच, की एका भाराने विद्या वाढते व दुसऱ्याने ती खुंटते.

हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही. यापुढील हकिकत आमच्या स्वतःच्या घरची आहे. ती छापावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. अखेर छापावी असे ठरविले.

आम्ही आठ भावंडे. थोरली ताई, तिच्या पाठीवर आम्ही, नंतर आणखी सहा. वडील तालुक्याच्या गावी एका कापडदुकानात दिवाणजी होते. आई चौथी शिकलेली. दुकानातून साखरेच्या पुड्यास बांधून आलेले वर्तमानपत्राचे कागदसुद्धा ती सरळ करून वाचून काढीत असे. कुरडया-पापड करून ती चार पैसे मिळवी व त्याचा हिशेब आमच्या जुन्या वहीच्या मागील पानांवर स्वतः लिही. ते पैसे तिने कधी कोणाच्या हवाली केले नाहीत. ‘घराचे पैसे घराला, हे माझ्या पोरांच्या पुस्तकांना,’ असे ती म्हणे. त्यावरून घरात बोलणी खावी लागत. ती ती निमूटपणे खाई, पैसे मात्र देत नसे.

१९७२ चा दुष्काळ आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेलच. रेशनवर तांबडी मिलो मिळे. तिच्या भाकरीस चव नसे, पण तीच गोड करून खावी लागे. गावोगाव खडी फोडण्याची कामे निघाली होती. लोकांस खावयास नाही, तेथे कापड कोण घेणार? वडिलांचा पगार निम्म्यावर आला. त्या उन्हाळ्यात ताई सातवी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. थोरले काका घरचे कर्ते. त्यांनी ठरविले, की पोरीचे शिक्षण पुरे झाले; आता तिने घरी राहून लहानग्यांकडे पाहावे. वडील मोठ्या भावापुढे बोलले नाहीत. बोलली ती आई. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली, ‘भाऊजी, धाकट्याला पाठीशी बांधून मी कामे करीन. पण तिची शाळा मोडू नका.’ घरात क्षणभर कोणीच बोलेना. जुन्या घरातील सुनेने दिराच्या निर्णयास असा उघड विरोध केल्याचे आम्ही त्यापूर्वी पाहिले नव्हते.

तिचे कोणी ऐकिले नाही. जून उजाडला, आम्ही शाळेस गेलो, ताई घरी राहिली.

परंतु आई हरली, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात तिने आम्हांस समोर बसविले व सांगितले, ‘बाळ, आजपासून शाळेत जे शिकशील, ते रात्री ताईला शिकवायचे. तुला जेवण मिळेल ते त्यानंतर.’ वस्तुतः ताई आमच्यापेक्षा दोन इयत्तांनी पुढे होती. तेव्हा पहिली दोन वर्षे घडले ते उलटच. आमचे गणित तीच तपाशी, आमची चूक तीच काढी. आठवीपासून मात्र दोघांचा नवा अभ्यास एकत्र होऊ लागला. तिला समजेपर्यंत सांगावे लागे, आणि सांगता सांगता ते आम्हांस समजे. आम्ही पुढे शिक्षक झालो, त्याचे मूळ कोणत्याही अध्यापन विद्यालयात नाही. ते त्या कंदिलापाशी आहे. आमची पहिली विद्यार्थिनी आमची थोरली बहीण होती.

बाहेरून परीक्षेस बसावयाचा जो सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो भरून ताईने मॅट्रिकला बसावे, असे आईच्या मनात होते. त्यासाठी पापडांच्या पैशांतून तिने फीही बाजूस काढून ठेविली होती. तेवढ्यात ताईचे लग्न ठरले. फॉर्म राहून गेला. ते पैसे आईने धाकट्या बहिणीच्या प्रवेशास लाविले. या खेपेस तिने कोणास विचारिले नाही. ती स्वतः मुलीचा हात धरून हायस्कुलात गेली, मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली व नाव घालून आली. त्यानंतर आमच्या घरातील एकाही मुलीची शाळा कोणी मोडली नाही. ती गोष्ट सर्वांनी गृहीतच धरली. तिघी बहिणींपैकी एक परिचारिका झाली, एक बँकेत लागली, एकीने शिवणकामाचा धंदा काढून चार बायकांस काम दिले.

१९७७ साली आम्ही मॅट्रिक झालो. आपल्याच मंडळाने त्या वर्षी यशस्वी विद्यार्थ्यांचा सत्कार केला व आम्हांस एक शाईचे पेन मिळाले. टाळ्या पडल्या, आम्ही फुगून गेलो. घरी आल्यावर आईने ते पेन हाती घेऊन पाहिले. ताई माहेरपणास आली होती. आई एवढेच म्हणाली, ‘हे दोघांचे आहे, बरं का.’ आम्ही त्या वेळी हसलो. आज ते हसणे आठवले म्हणजे लाज वाटते. मंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालात आमचे नाव छापले आहे. ताईचे नाव कोणत्याही अहवालात नाही. ज्या जागेवर आम्ही बसलो, ती जागा तिने रिकामी केली होती, हे सत्य आम्ही आजवर जाहीरपणे कधी बोललो नव्हतो. आज बोलत आहो.

आता या साऱ्याचा मंडळाशी संबंध काय, असे कोणी विचारील, म्हणून दोन सूचना नम्रपणे करितो.

पहिली सूचना अशी. मंडळातर्फे ज्ञातीतील कुटुंबांची सूची तयार होत आहे. तिचा नमुना आम्ही पाहिला. कुटुंबप्रमुखाचे नाव, त्याचे शिक्षण, व्यवसाय, मुलगे, त्यांचे व्यवसाय, हे सर्व रकाने त्यात आहेत. पत्नीच्या नावापुढे मात्र काहीच नाही. तिचे माहेर कोणते, तिचे शिक्षण किती, ती काय करिते, हे विचारावे असे कोणास सुचले नाही. आपल्या वंशावळीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पुरुषांची नावे सापडतात. त्यांच्या मातांची नावे सापडत नाहीत. आणखी शंभर वर्षांनी आपल्या पणतवंडांसही ती सापडू नयेत काय? फ्रान्सिनाबाईंचे नाव आपणांस ठाऊक आहे, कारण त्यांच्या मुलीने ते लिहून ठेविले. लक्ष्मीबाई डोंगरे यांचे नाव ठाऊक आहे, त्याचेही कारण तेच. लिहिले म्हणून राहिले. सूचीत एक रकाना वाढविण्यास कागद फारसा लागणार नाही.

दुसरी सूचना शिष्यवृत्ती निधीविषयी. हा निधी मुलामुलींस समान वाटला जातो, ही समाधानाची बाब आहे. परंतु ज्यांची शाळा बालपणी सुटली, अशा ज्ञातिभगिनींस आज सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा द्यावीशी वाटली, तर त्यांची फी व पुस्तके यांसाठी निधीतील काही भाग राखून ठेवावा. त्यांचे वय कोणी विचारू नये. साठीची बाई परीक्षेस बसली म्हणून बिघडते कोठे? त्या निधीत आमच्या निवृत्तिवेतनातून एक अल्प रक्कम आम्ही दर वर्षी घालू, असे येथे लिहून देतो. ताईस हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, ‘आता रे काय करायचंय मॅट्रिक होऊन?’ परंतु दुसऱ्याच दिवशी फॉर्म केव्हा सुटतात, असे तिने आम्हांस विचारिले.

ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो, आपली कुटुंबे आता लहान झाली. आठ-आठ भावंडांची घरे गेली, एक-दोन मुलांची आली. थोरल्या मुलीने शाळा सोडून घर सांभाळावे, असे प्रसंग पूर्वीइतके येत नाहीत. परंतु घर लहान असो वा मोठे, त्यातील मातेस स्वतःचे मत असते व ते बोलण्यास तिला घरात जागा असावी लागते, ही गोष्ट बदललेली नाही. आमच्या घरी त्या जागेसाठी आईस स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावे लागले. आपल्या घरी तिला मध्यघरात बसून बोलता यावे. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.